गणितासमोर फुली मारण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी मुंबईतल्या एका खासगी, विनाअनुदानित मुलींच्या शाळेत आठवीत आहे, मंडळ आयसीएसई. नववीसाठी विषय निवडायचा फॉर्म घरी आलाय. दुसऱ्या गटात तीन पर्याय आहेत: गणित आणि विज्ञान, गणित आणि अर्थशास्त्र, किंवा गणित सोडून अर्थशास्त्र आणि कमर्शियल स्टडीज. भाषा आणि इतिहासात तिला ८५च्या वर मिळतात, गणितात या वर्षी एकदा ४८, एकदा ५२. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "हिचा कल भाषेकडे आहे, गणित सोडलं तर नव्वदच्या वर जाईल." मुलगी खूश आहे. तिला चित्रकला घ्यायची आहे, तिच्या बाबांचं म्हणणं तिला हवं ते करू दे. तुम्ही विचारताय की सोडू द्यावं का, की शाळा बदलून राज्य मंडळात घालावं. आणि शेवटी लिहिलंय, "मला स्वतःला गणित कधी जमलं नाही, मी तिला काय सांगणार?"

मी २६ वर्षं मुलींना गणित शिकवलं, सगळी वर्षं मुंबईतच. त्यातली शेवटची ९ वर्षं माध्यमिक विभागाचं वेळापत्रक आणि विषयवाटप माझ्याकडे होतं. म्हणजे हा फॉर्म मी वर्गात वाटलाय, गोळाही केलाय, आणि त्यावर सह्याही केल्यात.

आधी एक गैरसमज दूर करते. चित्रकलेसाठी गणित सोडावं लागत नाही. आयसीएसईत विषयांचे तीन गट असतात. पहिल्या गटात इंग्रजी, दुसरी भाषा, आणि इतिहास-नागरिकशास्त्र-भूगोल. हे सगळ्यांना सक्तीचे. दुसऱ्या गटातून कोणतेही दोन: गणित, विज्ञान, अर्थशास्त्र, कमर्शियल स्टडीज, एखादी परकीय किंवा अभिजात भाषा वगैरे. तिसऱ्या गटातून एक: कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स, आर्ट, होम सायन्स, इकॉनॉमिक ॲप्लिकेशन्स, योग, शारीरिक शिक्षण आणि असे बरेच. चित्रकला तिसऱ्या गटात बसते, तिचं गणिताशी भांडण नाही. अर्थशास्त्राची खरीच गोडी असेल तर इकॉनॉमिक ॲप्लिकेशन्सही तिसऱ्याच गटात आहे, अर्थात शाळा तो विषय शिकवत असेल तर. आयसीएसईची परीक्षा घेणाऱ्या काउन्सिलच्या यादीत विषय असणं आणि शाळेत त्याची शिक्षिका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून शाळेला विचारा. पण 'गणित की चित्रकला' हा प्रश्न मनातून काढून टाका. तिलाही हे नीट समजावून सांगा. मुली फॉर्म घाईत वाचतात, मैत्रिणींनी काय घेतलं ते आधी बघतात.

मग खरा प्रश्न उरतो तो हा, की १३-१४ वर्षांच्या मुलीने कोणता विषय कायमचा सोडला तर चालेल, आणि कोणता सोडला तर परत धरता येत नाही.

माझं उत्तर याच भेदावर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबते. अर्थशास्त्र अकरावीत पहिल्या पानापासून सुरू होतं. वाणिज्य किंवा कला शाखेला गेलेली मुलगी दहावीत अर्थशास्त्र शिकलेली असो वा नसो, मागणी आणि पुरवठा तिला नव्यानेच शिकवतात. पुस्तपालन तर बहुतेकींनी अकरावीपर्यंत पाहिलेलंही नसतं. मानसशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, सगळ्यांचं तसंच. गणिताचं तसं नाही. अकरावीचं गणित दहावीच्या बीजगणितावर आणि त्रिकोणमितीवर चढतं, दहावीचं नववीवर. मधली दोन वर्षं गाळली की अकरावीचा वर्ग तिच्यासाठी थांबत नाही. एकटीने दोन वर्षांचं गणित भरून काढलेल्या मुली मी पाहिल्यात, पण २६ वर्षांत दोन. दोघींच्या घरी रोज बसवणारं माणूस होतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. जो विषय पुढे नव्याने सुरू करता येतो तो आज सोडायला हरकत नाही. ज्याची साखळी तुटते तो दहावीपर्यंत धरून ठेवावा, मार्क कमी पडले तरी.

ही साखळी कुठे कुठे लागते तेही सांगते, कारण भाषा आवडणाऱ्या मुलीला गणित कशाला, असं घरात सहज म्हटलं जातं. वास्तुविशारद व्हायचं असेल तर बारावीला गणित लागतं. चित्रकला आवडणाऱ्या कितीतरी मुली सतराव्या वर्षी तिकडे वळायला बघतात, तेव्हा दार बंद असतं. सीएच्या पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला, म्हणजे सीए फाउंडेशनला, १०० गुणांचा संख्यात्मक अभियोग्यतेचा एक अख्खा पेपर आहे. व्यवस्थापनाच्या बीएमएस, बीबीएला महाराष्ट्रात २०२४पासून सीईटी आहे आणि तिच्यात आकडेमोड आहेच. कायद्याच्या क्लॅट या प्रवेशपरीक्षेतही संख्यात्मक प्रश्नांचा छोटा विभाग असतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतल्या सीसॅट या दुसऱ्या पेपरमध्ये दहावीच्या पातळीचं अंकगणित येतं आणि तिथे ३३ टक्के मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरात कितीही गुण असले तरी मुख्य परीक्षेला बसता येत नाही. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लष्करी अधिकारी घडवणाऱ्या एनडीए या संस्थेचं दार मुलींना उघडलं. तिथल्या लेखी परीक्षेत ९००पैकी ३०० गुण गणिताचे. आणि उद्या तिला लहान मुलांना शिकवायची आवड निर्माण झाली, तर सीटीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरमध्ये १५०पैकी ३० गुण गणिताचे आहेत. यातलं ती काहीच करणार नाही, असंही होऊ शकेल. पण आठवीतली मुलगी काय करणार नाही, हे आज कोण सांगणार? मला तरी कधी सांगता आलं नाही.

आता मार्कांची भीती. ४८ आणि ५२ म्हणजे दहावीत नापास, असं तुमच्या मनात असावं. आयसीएसईत उत्तीर्ण व्हायला इंग्रजी धरून पाच विषयांत ३३ टक्के लागतात. विषय सहा आहेत. म्हणजे गणितात अगदी घसरली तरी बाकीच्या पाचांवर ती उत्तीर्ण होते. शिवाय गणितातले २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे, लेखी पेपर ८०चा. २०२४पासून काउन्सिलने त्याच वर्षी दोन विषयांपर्यंत सुधारणा परीक्षा देण्याची सोयही ठेवली आहे. अकरावीच्या प्रवेशाला बऱ्याच ठिकाणी सर्वोत्तम पाच विषयांची टक्केवारी बघतात. तिच्या वर्षी नियम काय असेल ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघावं लागेल. पण पाच विषयांचा हिशेब असेल, तर गणिताचे कमी गुण तिची टक्केवारी खाली ओढत नाहीत. 'गणित सोडलं तर नव्वद' हे वाक्य त्यामुळे वाटतं तितकं खरं नाही. गणित ठेवूनही ती तिथे पोहोचू शकते.

मग शाळा ते का म्हणते? इथे मला जपून लिहायचंय, कारण तुमच्या मुलीच्या वर्गशिक्षिका मी पाहिलेल्या नाहीत. मनापासून, मुलीचा ताण कमी व्हावा म्हणून त्या बोलल्या असतील, आणि तसंच असेल असं मी धरून चालते. पण मी ज्या पहिल्या शाळेत होते तिथे वेगळं घडायचं. दर जानेवारीत गणिताच्या शिक्षिकांकडून ५५च्या खालच्या मुलींची यादी मागितली जायची आणि त्या पालकांना एकेक करून बोलावून 'कल नाही' असं सांगितलं जायचं. विषयाची सरासरी चांगली दिसायची, जाहिरातीत छापता यायची. मी तेव्हा नवी होते. यादी मी केली, फॉर्मवर सह्याही केल्या. त्यातली एक मुलगी सहा वर्षांनी भेटली, सीए फाउंडेशनच्या पुस्तकासकट. लॉगॅरिदम समजावून द्याल का म्हणाली. समजावताना कळलं की तिला घातांकाचे नियमच माहीत नव्हते, आणि ते तिला माहीत नव्हते कारण मी तिला नववीत वर्गाबाहेर काढलं होतं. त्यानंतर मी 'कल नाही' हे शब्द कोणत्याही मुलीबद्दल वापरलेले नाहीत.

मुलींच्या शाळेत हे वाक्य जास्त सहज निघतं, आणि त्याला मोठा इतिहास आहे. मुंबईत १८४९ साली एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींच्या शाळा काढल्या तेव्हापासून मुलींना शिकवावं की नाही याच्या जोडीला मुलींना काय शिकवावं हा वाद चालूच राहिला. शिवण, स्वयंपाक, गृहव्यवस्था हे त्यांचं, आणि बीजगणित मुलांचं. स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न रीतसर तपासला गेला. राष्ट्रीय महिला शिक्षण परिषदेने १९६२ साली हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिने सांगितलं की शालेय पातळीवर मुलगा-मुलगी म्हणून वेगळा अभ्यासक्रम नको. देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) ते उचलून धरलं आणि शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचं असावं अशी शिफारस केली. साठ वर्षांपूर्वी हा निकाल लागलेला आहे. होम सायन्स हा चांगला विषय आहे, त्यात पोषण आहे, कापडाचं शास्त्र आहे, खर्चाचा हिशेब आहे, आणि तो तिसऱ्या गटात गणिताच्या जोडीने घेता येतो. गणित जमत नाही म्हणून त्याच्याकडे ढकलणं हे त्या विषयावरही अन्याय करणारं आहे.

मुलींच्या शाळेचा दुसऱ्या बाजूने मोठा फायदाही आहे, तो मी रोज पाहिला. फळ्यावर चुकायला मुली तिथे घाबरत नाहीत. मॅथ्स क्लबची सेक्रेटरी मुलगीच, कोडी सोडवणारी मुलगीच, भूमितीत सगळ्यात हुशार कोण तर मुलगीच. शाळेने हा फायदा वापरायचा ठरवला तर त्यासारखी जागा नाही. म्हणून शाळा बदलायच्या आधी तुमची शाळा तो वापरते का हे पाहा. गणित सोडणाऱ्या मुली दरवर्षी किती, आणि सोडण्याचं पहिलं कोण सुचवतं, मुलगी, पालक की शाळा, हे पालकसभेत विचारा. नववीत गणिताच्या आठवड्याला तासिका किती आणि त्या शेवटच्या तासाला टाकल्यात का, हेही विचारा. दुपारच्या उकाड्यात शेवटचा तास गणिताचा असेल तर अर्धा वर्ग डोळे मिटत असतो, हे मी वेळापत्रक करताना शिकले. माहितीपत्रकात काय छापलंय त्यापेक्षा वेळापत्रक तुम्हाला शाळेबद्दल जास्त सांगेल.

राज्य मंडळाबद्दल. तिथे गणित सोडताच येत नाही. बीजगणिताचा ४० गुणांचा पेपर, भूमितीचा ४०चा, २० अंतर्गत. विज्ञानाचेही तसेच दोन पेपर आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. म्हणजे ज्या ओझ्यातून सुटण्यासाठी तुम्ही मंडळ बदलाल ते तिथे सक्तीचंच आहे. सीबीएसईत दहावीला गणिताचे बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन स्तर आहेत, अभ्यासक्रम एकच, पेपरची काठिण्यपातळी वेगळी. ती सोय चांगली आहे. पण तेवढ्यासाठी नववीत मुलीला मैत्रिणींपासून तोडून, नवा गणवेश, नवी बस, नवी पुस्तकं अंगावर घालणं मला पटत नाही. शाळेत दुसरा काही त्रास असेल तर गोष्ट वेगळी, ती तुम्ही लिहिलेली नाही.

आता कामाचं. ४८ हा आकडा मला काहीच सांगत नाही. मला तिची उत्तरपत्रिका बघावी लागेल. ती माझ्यासमोर नाही, म्हणून तुम्हीच करून बघा. रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, एका कागदावर तिला ही सहा उदाहरणं द्या. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. उणे सातातून उणे तीन वजा. ०.३ गुणिले ०.२. पाच वह्या १४० रुपयांना, तर आठ वह्या कितीला? ८०० रुपयांच्या ड्रेसवर १५ टक्के सूट, तर किती द्यायचे? आणि ३क्ष + ५ = २०, तर क्ष किती? वेळ लावू नका. उत्तराशेजारी 'कसं केलंस' ते तिला तोंडी सांगायला लावा, आणि मध्ये बोलू नका.

माझ्या अनुभवात आठवीत ५०च्या आसपास अडकलेल्या मुलींची गाडी बहुतेकदा आठवीच्या गणितात अडकलेलीच नसते. ती पाचवी-सहावीत कुठेतरी थांबलेली असते. अपूर्णांकांची बेरीज दोन पंचमांश येते, म्हणजे वरचा वर आणि खालचा खाली मिळवला. ०.३ गुणिले ०.२ हे ०.६ येतं. उणे सातातून उणे तीन काढले की उणे दहा. ही मुलगी आठवीत समीकरण बरोबर मांडते आणि शेवटच्या ओळीत चिन्ह चुकवून गुण घालवते, आणि सगळे म्हणतात हिला बीजगणित येत नाही. तिला बीजगणित येतंय. तिला ऋण संख्या कुणी नीट शिकवलेल्या नाहीत, किंवा ज्या आठवड्यात शिकवल्या तेव्हा ती टायफॉइडने घरी होती. हे मी कल्पनेने सांगत नाही; अशी एक मुलगी सहावीत पंधरा दिवस आजारी होती आणि नववीत येईपर्यंत 'कच्ची' ठरली होती. आम्ही दुपारच्या सुट्टीत जिन्यावर बसून तीन आठवडे फक्त संख्यारेषा केली. जिन्याच्या पायऱ्याच संख्यारेषा, मधली पायरी शून्य, ती वर-खाली चालायची आणि मोजायची. दहावीत तिला ७१ मिळाले. ७१ काही जाहिरातीत छापत नाहीत, पण ती पुढे वाणिज्य शाखेत गणित घेऊन शिकली.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे अ अधिक ब यांचा वर्ग बरोबर अ-वर्ग अधिक ब-वर्ग. सूत्र शंभर वेळा लिहायला लावून ही जात नाही. चौकटीच्या कागदावर पाच बाय पाचचा चौकोन कापायला सांगा आणि त्याची बाजू ३ आणि २ अशी मोडा. आत एक तीनाचा चौकोन दिसेल, एक दोनाचा, आणि दोन आयत उरतील, प्रत्येकी सहा घरांचे. नऊ आणि चार मिळून तेरा, पंचवीस नाहीत, उरलेली बारा घरं त्या आयतांत. मुलगी एकदा ती घरं स्वतः मोजते तेव्हा '२अब' कुठून आलं ते तिला कायमचं कळतं.

नववी-दहावीचं गणित तुम्ही शिकलात त्यापेक्षा थोडं वेगळं आहे, तेही माहीत असू द्या. आयसीएसईच्या दहावीत जीएसटी आहे, बँकेतलं रिकरिंग डिपॉझिट आहे, शेअर आणि लाभांश आहे. रिकरिंगचा धडा मी नेहमी खऱ्या पासबुकावर घ्यायचे. दरमहा ५०० रुपये, बारा महिने, व्याज ६ टक्के. मुलींना विचारायचं, पहिला हप्ता बँकेत किती महिने राहिला? बारा. दुसरा? अकरा. शेवटचा? एक. बारापासून एकपर्यंत बेरीज करा. ७८. म्हणजे ५०० रुपये ७८ महिने ठेवल्यासारखे, किंवा ३९,००० रुपये एक महिना. त्याचं ६ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज १९५ रुपये. सूत्र पाठ न करता सगळा वर्ग तिथे पोहोचायचा. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने, भाषेचीच ती, आईच्या पासबुकाशी पडताळलं आणि हात वर केला: बँकेने दोन-तीन रुपये जास्त दिलेत, पुस्तक चुकलंय की बँक? दोघंही बरोबर होते. पुस्तकात सरळ व्याज धरतात, बँक तिमाही चक्रवाढ लावते. पण तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीला गणितात ५० मिळत होते, आणि वर्गात तो प्रश्न फक्त तिला पडला. भाषेची मुलगी नीट वाचते. शाब्दिक उदाहरणांत हे तिचं बळ आहे, कुणी तिला सांगायला हवं.

तर आतापर्यंतचं एवढंच: चित्रकला वेगळ्या गटात आहे, नापास होण्याची भीती मोठी वाटते तितकी नाही, आणि ४८च्या मागे बहुधा दोन-तीन जुनी भोकं आहेत जी बुजवता येतात.

ती बुजवायला एप्रिल-मेची सुट्टी पुरते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. एप्रिलभर अपूर्णांक, दशांश आणि ऋण संख्या. मे महिन्यात गुणोत्तर, शेकडेवारी आणि साधी समीकरणं. पुस्तकं सहावी-सातवीचीच घ्या, तिला त्यात कमीपणा वाटू देऊ नका. मुंबईत याच सुट्टीत क्लासवाले नववीचा पोर्शन पळवायला घेतात. त्या व्हेकेशन बॅचला तिला घालू नका. खालचा मजला बांधून झाला नसताना वरचा चढवायचा प्रकार आहे तो, आणि जूनमध्ये शाळेत तेच पुन्हा सुरू झालं की मुलीला वाटतं मला येतं, युनिट टेस्टला कळतं की येत नाही. शिकवणी लावायचीच असेल तर एकटीला किंवा दोघींना शिकवणारी, जुन्या चुका बघणारी बाई शोधा. कॉलेजात गणित शिकणारी शेजारची मुलगीही हे उत्तम करते.

'मी तिला काय सांगणार' असं तुम्ही लिहिलंत त्याबद्दल. तुम्ही शिकवू नका. शेजारी बसा आणि तिला तुम्हाला समजावून सांगायला लावा. ज्या मुली आईला समजावतात त्या स्वतः पक्क्या होतात. एवढंच करा की तिच्यासमोर 'मलाही गणित कधी जमलं नाही' हे म्हणू नका. तुम्ही ते तिला धीर द्यायला म्हणता, ती ते घराण्याचा वारसा म्हणून ऐकते.

कधी मी स्वतः म्हणाले असते की सोडू द्या? हेही सांगायलाच हवं, कारण सगळ्या मुलींना एक माप लागत नाही. आकडे उलटे लिहिणं, घड्याळ न कळणं, सुट्टे पैसे मोजताना अजूनही गोंधळणं, पाढे वर्षानुवर्षं करूनही पुसले जाणं, असं काही असेल तर फॉर्मच्या आधी तपासणी करा. डिस्कॅल्क्युलिया ही विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. मुंबईत सायन आणि नायर यांसारख्या पालिका रुग्णालयांत तपासणी होते, पण तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून आजच चौकशी करा. प्रमाणपत्र मिळालं तर सवलतींसाठी शाळेमार्फत काउन्सिलकडे वेळेत अर्ज करावा लागतो. दुसरं, गणिताच्या पेपरआधी उलट्या, झोप उडणं, शाळेत न जाण्याचा हट्ट, असं होत असेल तर मार्कांचा विचार बाजूला ठेवून आधी समुपदेशकांना भेटा. मुलीची तब्येत कुठल्याही विषयापेक्षा मोठी आहे. आणि तिसरं, खरोखर दोन वर्षं नीट मदत मिळूनही ती रोज रडत असेल, तर मी हट्ट धरणार नाही. पण तुम्ही लिहिल्यावरून अजून कुणी तिला नीट मदत केलेलीच नाही. मदत न करता गणित सोडायला लावणं मला मान्य नाही.

आता फॉर्मवरच्या पहिल्या पर्यायातल्या विज्ञानाचं काय? विज्ञान शाखा, वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी यांतलं काहीही शक्यतेत असेल तर विज्ञान सोडू नये. ती ठामपणे भाषा, इतिहास किंवा वाणिज्याकडे जाणार असेल आणि दोन्हींतलं एकच झेपणार असेल, तर मी गणित आणि अर्थशास्त्र हा पर्याय घेईन. अगदी खात्री नसेल तर गणित आणि विज्ञान. माझी स्वतःची पसंती तीच, कारण आठवीत ठामपणा फार टिकत नाही.

तिच्याशी बोलताना एक प्रश्न विचारून बघा: "तुला उद्या सकाळी गणित अचानक यायला लागलं, तर तू कोणते विषय घेशील?" उत्तर तेच राहिलं तर तिला खरंच दुसरं काही हवंय. उत्तर बदललं तर ती गणितापासून पळतेय, आणि मग सोडवायचा आहे तो पळण्याचा प्रश्न. हा प्रश्न मी शेकडो मुलींना विचारला असेन. बहुतेकींचं उत्तर बदलायचं. काही जणींच्या डोळ्यांत तेव्हा पाणी यायचं, कारण तोवर कुणी असं विचारलेलंच नसायचं.

फॉर्मची मुदत जवळ आलेली दिसते. नववीत काउन्सिलकडे विषयांसह नोंदणी होते आणि नंतर बदल करणं फार अवघड जातं, म्हणून घाईत सही नको. वर्गशिक्षिकांना आदराने, डायरीतच, दोन ओळी लिहा: "मुलीच्या गणिताच्या दोन्ही उत्तरपत्रिका पाहायला मिळाव्यात आणि गणिताच्या शिक्षिकांना पंधरा मिनिटं भेटायचं आहे. तोपर्यंत फॉर्मवर दुसऱ्या गटात गणित आणि विज्ञान असं धरावं." उत्तरपत्रिका हाती आल्या की लाल पेनाच्या खुणा मोजा. पद्धत चुकली म्हणून किती गुण गेले आणि चिन्ह किंवा आकडेमोड चुकली म्हणून किती, ते दोन रकान्यांत लिहा. ते दोन आकडे मला कळवा, मग पुढचं बोलू.